अण्णांचा डावा पाय

आमच्या पिकअपचा क्लच वायरचा होता, आणि तो दाबायला माणसाच्या तंगडीत बैलाचं बळ लागतं, असं गॅरेजवाले गफूरचाचा म्हणायचे. गाडी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन मालक वापरून झाल्यावर घेतली होती. रंग मुळात हिरवा असावा. तिच्या तक्रारी आमच्या मोठ्या आत्यासारख्या होत्या, ऐकून घ्यायच्या आणि आपल्या कामाला लागायचं. औसा तालुक्यातली शेती चुलत्यांकडे सोपवून अण्णा लातूरला आले ते या गाडीच्या भरवशावर. तेव्हा लातुरात क्लासचं वारं सुटलं होतं. जून लागला की निलंगा, उदगीर, अहमदपूर, पार नांदेडकडून पोरं यायची, आणि प्रत्येक पोरामागं एक पत्र्याची ट्रंक, एक लोखंडी पलंग, एक गादी आणि डोळे पुसणारी एक आई असायची. आई सोडून बाकीचं सगळं अण्णा वाहायचे. कुठल्या गल्लीत कुणाची खोली रिकामी आहे, कुठल्या जिन्यावरून पलंग वळत नाही, हे त्यांना पाठ होतं. पोरांचे बाप त्यांना विचारायचे, कुठला क्लास चांगला? अण्णा चौथी शिकलेले. ते गंभीरपणे म्हणायचे, ज्याच्या दारात सायकली जास्त तो.

भूकंप झाला त्या पहाटे आमच्या घराचं एक कौलसुद्धा पडलं नाही, कारण आमच्या दोन खोल्यांवर पत्रेच होते. उजाडायच्या आत अण्णा गाडी घेऊन किल्लारीच्या अंगाला गेले आणि चार दिवस तिकडंच राहिले. पहिले दोन दिवस माणसं वाहिली, नंतर पाणी आणि भाकरी. गाडीच्या हौद्यातून आणखी काय काय वाहिलं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मायनं मात्र नंतर तो हौदा सात वेळा धुतला, हे मी मोजलेलं आहे. चौथ्या दिवशी एका घरातली ट्रंक काढून देताना अर्धवट उभी असलेली दगडी भिंत अण्णांच्या डाव्या पायावर आली. हजारो माणसं गेली तिथं एका गुडघ्याचं काय कौतुक, असं तेच म्हणायचे. दवाखान्यात ऐकायला मिळालं की हाड जुळलं, पण गुडघा थोडाच वाकेल आणि जोर मात्र धरणार नाही. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. ते डॉक्टरांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसांतलं घर मला आवाजांवरून आठवतं. पुढं वर्षभर जमीन अधूनमधून हलत होती, आणि माय दाराशी स्टीलचे तीन पेले एकावर एक पालथे रचून ठेवायची. पेले पडले की अंगणात पळायचं, असा नियम. निम्म्या वेळा ते मांजर पाडायचं. पेले खणखणले की मी आणि माय उठून धावायचो, आणि बाहेर गेल्यावर लक्षात यायचं की अण्णा आतच आहेत, पलंगावर, प्लास्टर घातलेला पाय उशीवर ठेवून. ते आतून विचारायचे, "मांजर हाय का भूकंप?" दर वेळी मी पळाले. एकदाही अण्णांना धरायला आत थांबले नाही. शरीर आपलं ऐकत नाही म्हणतात; माझं तर फारच पटकन ऐकायचं नाही. शेवटी मायनं त्यांचा पलंगच अंगणात ओढला, आणि पावसाळ्यापर्यंत ते लिंबाखाली, गाडीच्या शेजारी झोपले.

प्लास्टर निघालं तरी गाडी जागची हलली नाही. रोज सकाळी चहा झाला की अण्णा काठी टेकत जायचे, ड्रायव्हरच्या जागेवर चढायचे आणि क्लच दाबून बघायचे. पॅडल अर्ध्यात जायचं आणि त्यांचा पाय थरथरायला लागायचा. एकदा त्यांनी गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून जोर लावला. एकदा काठीनं दाबलं, ती मोडली. माय चुलीपुढं भाकरी थापत हे बघायची. घर आता तिच्या डब्यांवर चालत होतं. क्लासच्या आठ पोरांना ती दोन वेळचं जेवण द्यायची. ज्वारीची भाकरी, वरण, अंबाडीची भाजी, करडईच्या तेलातली शेंगदाण्याची चटणी. अण्णा गाडीत बसले की तिच्या थापण्याचा आवाज मोठा व्हायचा.

मी त्या वर्षी अकरावी सायन्सला होते. दहावीपर्यंत मराठी शाळेत पहिल्या तिनात असलेली मी क्लासला गेले आणि दोनशे पोरांत बुडाले, कारण सगळं इंग्रजीतून. सर माईकवरून शिकवायचे, आणि दर पाच मिनिटांनी विचारायचे, "कळलं का?" दोनशे गळे म्हणायचे, "हो सर." मीही म्हणायची. पहिल्या आठवड्यात मी ते पुटपुटायची; दिवाळीपर्यंत मी ते इतरांपेक्षा मोठ्यानं म्हणायला शिकले. कळलं नाही म्हणणं म्हणजे बापानं वाहिलेल्या ट्रंकांवर पाणी ओतणं, असं मला वाटायचं. घरात तर प्रश्नच नव्हता. पोस्टाचं पत्र असो, औषधाची बाटली असो, शेजारच्या गल्लीतला नोटिशीचा कागद असो, अण्णा म्हणायचे, "आन इकडं, आमची वाचती." मी वाचायची. कळेल तेवढं सांगायची, उरलेलं रचायची. औषधाच्या बाटलीवर तीन वेळा घ्या यापलीकडे असतं तरी काय, असा माझा समज.

गफूरचाचांचं गॅरेज औसा रोडला होतं. गॅरेज म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री, आणि खाली आयुष्यभर सांडलेल्या तेलानं काळी पडलेली जमीन. अण्णा गाडी शिकले तेव्हापासूनची त्यांची दोस्ती. एक दिवस चाचा आमच्या अंगणात आले, अण्णा क्लचशी झटापट करत होते ते उभ्यानं बघितलं आणि म्हणाले, "मारुतराव, त्या वायरीसंगं कुस्ती कशाला खेळून राहिले? तेलाचा क्लच बसवू. नव्या गाड्यांना येऊन राहिला. वर पॅडलपाशी एक सिलिंडर, खाली गिअरबॉक्सपाशी एक, मधी पाइप आन तेल. पाय थोडा, ताकद तेलाची."

"या म्हातारीला बसंल का?" अण्णांनी विचारलं.

"बसवायचं म्हटलं की बसतं. म्या मात्र आजवर बसवला न्हाई, ते आधीच सांगून ठेवतो."

त्याच महिन्यात सरांनी क्लासमध्ये द्रवाच्या दाबाचा नियम शिकवला होता, बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडं सारखा पोचतो, वगैरे. मी तो इंग्रजीत स्वल्पविरामासकट पाठ केला होता. चाचा अंगणात हात हलवत सांगत होते ते तेच आहे, हे माझ्या डोक्यात आलंसुद्धा नाही. हे कळायला मला पुढं कित्येक वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच हसले.

चाचा एसटीनं नांदेडला गेले. तिथल्या भंगार बाजारातून अपघातात गेलेल्या एका गाडीचे दोन सिलिंडर आणि पाइप आणले, आणि एका दुकानातून आतली नवी रबरं. ही रबरं म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या काळ्या वाट्या. त्याच तेल अडवून धरतात. पुडीत चौघडी घातलेला एक कागद होता. दोन दिवस चाचांनी आमच्या लिंबाखाली काम केलं. पॅडलचा पत्रा कापला, गिअरबॉक्सपाशी लोखंडी पट्टी वेल्डिंग करून घेतली. त्यांची एक रीत होती. कुठलाही भाग, नवा असो की जुना, डिझेलच्या घमेल्यात न्हाऊ घातल्याशिवाय ते लावत नसत. धुवायचं, वर्तमानपत्रावर वाळवायचं, मगच हात लावायचा. माय म्हणायची, एवढं सोवळं तर आमच्या सासूबाईंचंपण नव्हतं.

रबरं हातात घेतल्यावर मात्र ते घमेल्यावर थांबले. म्हणाले, "नांदेडचा दुकानदार बोलला, रबराचं काम येगळं असतंय, आतला कागद वाचून घ्या. बेटा, जरा वाच बरं. कशानं धुवायचं म्हनतो?"

मी कागद उघडला. मुंगीच्या पायांएवढी अक्षरं, सगळी इंग्रजी, एक आकृती, त्यात बाण. रबर हा शब्द मला दिसला. धुण्याचा शब्द दिसला. डिझेलही दिसलं. पण त्या शब्दांना जोडणाऱ्या ओळी माझ्या डोळ्यांपुढून क्लासमधल्या फळ्यासारख्या सरकत गेल्या. अण्णा स्टुलावर बसले होते, पाय लांब करून. ते चाचांना म्हणाले, "आमचं सगळं शिक्षण आता इंग्रजीत हाय म्हना." चाचांचा हात घमेल्यावर, माय दारात, आणि तिघंही माझ्या तोंडाकडं बघत होती. एवढंच म्हणायचं होतं, मला कळत नाही, सरांना विचारून येते. क्लास सायकलवर दहा मिनिटांच्या अंतरावर होता.

"हाव," मी म्हणाले, "डिझेलनं धुऊन बसवा, असंच लिहिलंय."

"बघा," चाचा म्हणाले, "म्या म्हनलंच. दुकानदारं काय, काय बी सांगतेत." आणि त्यांनी रबरं डिझेलमध्ये सोडली, बोटांनी चोळचोळून धुतली. शिवाय सिलिंडर आणि पाइपही आतून डिझेलनंच खंगाळले.

पाइपातली हवा काढायला पॅडल कुणीतरी दाबत राहावं लागतं. अण्णा म्हणाले, मीच दाबतो. चाचा गाडीखाली गेले आणि तिथून आवाज द्यायला लागले, "दाबा. धरून ठेवा. सोडा." खालच्या नळीतून बुडबुडे येत राहिले, तेल येत राहिलं. विसेक वेळा झालं आणि मग अण्णा "दाबा"ची वाट न बघता नुसतेच पॅडल खाली वर करायला लागले. चाचा खालून ओरडले, "अहो मारुतराव, काय करून राहिले?" त्यांचा पाय थरथरत नव्हता. मी खिडकीशी उभी होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "लोण्यात गेल्यासारखा जातोय गं."

चार दिवसांनी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, होती. आमच्याकडं त्या दिवशी अख्खं लातूर ओस पडतं. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात जातो आणि ज्याला नाही त्याला कुणी ना कुणी घेऊन जातं. अण्णांनी स्वतः गाडी काढली. पुढं माय, मांडीवर आंबिलीचं मडकं धरून. मागं हौद्यात मी आणि गफूरचाचा, भज्जीचं, म्हणजे डाळी-पालेभाज्यांच्या मिसळीचं, पातेलं पायांत अडकवून. औसा रोड सरळसोट, तरी अण्णा दर दोन मिनिटांनी गिअर बदलत होते. माय म्हणाली, "सरळ रस्त्याला एवढं खटाखटा कशाला?" अण्णा म्हणाले, "माझी गाडी, माझा गिअर. तू मडकं सांभाळ." शेतात कडब्याच्या खोपीपुढं पूजा झाली, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि भज्जी खाऊन झाली, आंबील पिऊन सगळे जड झाले. अण्णा मात्र मधूनच उठून गाडीजवळ जायचे आणि उगीच चाकांवर पाय आपटून यायचे. मी त्यांना त्या दिवसाइतकं आनंदी नंतर पाहिलं नाही. आधीही पाहिलं असेल तर आठवत नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी कामं घ्यायला सुरुवात केली. एके दिवशी संध्याकाळी पाच वाजता आमची बॅच सुटली. दोनशे पोरं आणि त्यांच्या सायकली एकदम रस्त्यावर आल्या. समोरून आमची हिरवी गाडी आली, हौद्यात कुणाचा तरी पलंग उभा. गर्दी बघून अण्णांनी वेग कमी केला, आणि मला गाडीच्या काचेतून त्यांचं डोकं एकदम खाली वाकलेलं दिसलं. क्लचचं पॅडल खाली गेलं होतं, वर येत नव्हतं, आणि गिअरही सुटत नव्हता. त्यांनी ब्रेक मारला, गाडी हिसका देऊन बंद पडली. एवढ्यावर थांबलं असतं तर काही झालं नसतं. मागून हॉर्न वाजायला लागले, अण्णांनी पाय पूर्ण दाबून चावी फिरवली, आणि गिअरमध्येच असलेल्या गाडीनं पुढं उडी घेतली. भिंतीला लावलेल्या सायकलींची रांग एकामागून एक कोसळली. एका पोराचा घोटा सायकलीखाली आला. फार लागलं नाही, पण तो जमिनीवर बसला आणि ओरडला.

आमच्या क्लासचे एक सर पायऱ्या उतरून आले. अण्णा लंगडत खाली उतरले होते. सरांनी त्यांच्या पायाकडं बघितलं आणि म्हणाले, "पाय असा आहे तर गाडी कशाला चालवता? पोरांचे जीव घ्यायचेत का?" अण्णांनीही आपल्या पायाकडं बघितलं. मग ते वाकून एकेक सायकल उचलायला लागले. मी पंधरा पावलांवर होते. माझ्या शेजारच्या दोघी हसत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. मला जायचं होतं. पेले पडले की जे पाय न विचारता धावायचे, ते तिथं रुतून बसले. सहावी की सातवी सायकल उचलताना अण्णांची मान वर झाली आणि त्यांना मी दिसले. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं रस्त्यात उभ्या कुठल्याही पोरीकडं बघावं, आणि मान फिरवली. माझी सायकलही त्याच रांगेत होती. तीही त्यांनी उचलली, हँडल सरळ केलं, आणि ती कुणाची आहे हे ठाऊकच नसल्यासारखं पुढं गेले.

घरी त्यांनी मायला एवढंच सांगितलं, "पाय लागंना." सकाळी गफूरचाचा आले, वरचा सिलिंडर खोलला आणि आतलं रबर तळहातावर घेऊन बसले. ते भिजवलेल्या हरभऱ्यासारखं फुगलं होतं, कडा फाटल्या होत्या. त्यांनी ते बोटानं उलटून पाहिलं. मग म्हणाले, "मारुतराव, तुमचा पाय न्हाई. माझ्याच हातून कायतरी चुकलं." आणि माझ्याकडं वळून अगदी हळू म्हणाले, "बेटा, त्यो कागद हाय का? फिरून एकदा वाच."

कागद माझ्या फिजिक्सच्या वहीत होता. मी शब्दकोश घेऊन अंगणात, तिघांच्या समोर बसले आणि एकेक शब्द काढला. अर्धा तास लागला. रबर फक्त ब्रेकच्या तेलानंच धुवावं. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांचा थेंबही लागू देऊ नये, ते फुगतं. ते वाचलं आणि मी म्हणाले, "मला तेव्हा कळलं नव्हतं. मी खोटं सांगितलं." चाचांनी कागद माझ्या हातातून घेतला, उलटा सुलटा करून बघितला, जणू मागं अजून काही लिहिलं असेल. म्हणाले, "दुकानदार मला बोलला हुता. माझ्या कानानं ऐकलं हुतं म्या."

मी रडत म्हणाले, मी आत्ता जाते आणि सरांना सांगते, अण्णांच्या पायाचं काही नव्हतं, माझ्यामुळं झालं. मी खरंच उठले होते. अण्णांनी काठी आडवी धरली.

"बस खाली," ते म्हणाले. "माझा पाय लोकांला आधीच ठाऊक हाय. त्याच्यावरच राहू दे. तुझं नाव अजून कुणाला ठाऊक न्हाई, ते चांगलं ठाऊक व्हायचंय."

मी बसले. आज माझी पन्नाशी जवळ आली आहे, आणि मी डॉक्टर झाले नाही, इंग्रजीची शिक्षिका झाले. वर्गात जो पोरगा कळलं नाही म्हणतो त्याला मी पुढच्या बाकावर घेते. पण त्या दिवशी काठी ओलांडून जायला हवं होतं, हे मला रोज वाटतं. काठी काय, दोन बोटं जाड होती.

चाचांनी पुन्हा नांदेडहून रबरं आणली, ब्रेकच्या तेलात धुऊन बसवली, आणि तो क्लच पुढं गाडी विकेपर्यंत चालला. पण तोवर क्लासच्या गल्ल्यांत एकच गोष्ट पसरली होती, मारुतरावाचा पाय दगा देतो. पोरांचे बाप अण्णांना नमस्कार करायचे, चहा पाजायचे, आणि ट्रंक दुसऱ्या टेम्पोत चढवायचे. अण्णांनी एकदाही त्यांना रबराची गोष्ट सांगितली नाही. शेवटी दत्ता नावाचा ड्रायव्हर ठेवला, तेव्हा कामं परत आली.

बारावीनंतर मला नांदेडला कॉलेजात प्रवेश मिळाला. माझी ट्रंक, माझा पलंग, माझी गादी आमच्याच गाडीच्या हौद्यात चढली. दत्ता गाडी चालवत होता, मधे मी, आणि डाव्या दाराशी अण्णा. अहमदपूरच्या पुढं चढ लागले. दत्तानं गिअर बदलला की अण्णांचा डावा पाय समोरच्या पत्र्यावर दाबला जायचा, दत्ताच्या पायाच्या किंचित आधी, आणि सावकाश वर यायचा. नांदेड येईपर्यंत एकही गिअर त्यांनी चुकवला नाही. कॉलेजच्या दारात ते उतरले, गुडघा चोळत उभे राहिले.

"क्लच लई हलका झालाय गं," ते म्हणाले.

"हाव," मी म्हणाले.